आधी कागदावर हंगाम चालवा, मगच यंत्रे आणा



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आपल्या कारखान्याच्या विस्तारवाढीचा विषय येणार आहे. गळीत क्षमता वाढवायची, तिला जोडून सहवीजनिर्मिती आणि इथेनॉलचा प्रकल्प घ्यायचा, असा एकूण विचार दिसतो. विस्तारवाढ हवी की नको यावर गावोगाव पारावर बोलणे चालू आहे, आणि ते व्हायलाच हवे. माझे म्हणणे मात्र त्याच्या एक पायरी अलीकडचे आहे. नवी यंत्रसामग्री एकमेकांशी जुळून चालेल की नाही, हे पैसे गुंतवण्याआधी आपण पाहणार आहोत की पैसे गुंतवल्यावर? माझे स्पष्ट मत असे की, अख्ख्या कारखान्याचे गणिती मॉडेल करून त्यावर निदान पाच-सात हंगाम कागदावर चालवून पाहावेत, निकाल सभासदांपुढे ठेवावा आणि मगच मत मागावे.

मॉडेल हा शब्द ऐकून कुणी बिचकू नये. उपसा सिंचन योजना करताना आपण काय करतो? नदीपासून रान किती उंच, पाइप किती लांब, किती इंची, किती एकर भिजवायचे, याचा हिशेब मांडतो आणि मग मोटार किती अश्वशक्तीची ते ठरवतो. हा कागद म्हणजेच योजनेचे मॉडेल. तो न करता कुणी मोठी मोटार आणून बारक्या पाइपला जोडली, तर पाणी वाढत नाही, वीजबिल तेवढे वाढते. आता हाच कागद एका दिवसाचा न मांडता तासातासाचा मांडला, मध्येच वीज गेली तर काय, पाइप फुटला तर काय, नदीची पातळी उतरली तर काय, असे एकेक प्रसंग घालून पाहिले, की त्याला इंजिनिअर लोक सिम्युलेशन म्हणतात. आपण त्याला लुटुपुटीचा हंगाम म्हणू.

मोटार आणि पाइप ही दोनच माणसांची जोडी. कारखाना म्हणजे एकत्र कुटुंब आहे. तिथे एकाचे दुखले की सगळ्यांना कळते. साधे उदाहरण रस आटवण्याचे घ्या. शंभर टन उसापासून साधारण तेवढाच मिश्र रस निघतो. त्यात शंभर भागांत पंधरा भाग विरघळलेला माल आणि बाकी पाणी असे धरा. हा रस साठ भागांच्या पाकापर्यंत आटवायचा तर ७५ टन पाणी उडवावे लागते. गुऱ्हाळाच्या काहिलीसारखे एकाच भांड्यात उडवायचे म्हटले तर अंदाजे ७५ टन वाफ लागेल. नॉर्बर्ट रिलियू या अमेरिकेतल्या लुइझियानाच्या इंजिनिअरने १८४३ साली पेटंट घेतले, ते या वाफेच्या काटकसरीचे. पहिल्या भांड्यातल्या रसातून निघालेली वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला, आणि पुढची भांडी निर्वातात असल्याने रस कमी उष्णतेवरही उकळतो. चार भांडी असली तर त्याच ७५ टन पाण्याला ढोबळ मानाने १९ टन वाफ पुरते. आजही जगातले साखर कारखाने याच तत्त्वावर चालतात.

आता समजा, आपण मिल दुप्पट केली आणि ही भांडी तेवढीच ठेवली. रस जास्त आला, पण नीट आटला नाही. पाक पातळ राहिला. पातळ पाक पॅनमध्ये गेला की पॅन जास्त वेळ घेते आणि वाफ जास्त खाते. बॉयलरवर ताण येतो, दाब उतरतो. दाब उतरला की टर्बाइन मंदावते, मिल मंदावते. मिल मंदावली की बगॅस कमी पडते आणि बॉयलरला तेच तर जळण. फिरून सारे घोडे तिथेच. म्हणजे नव्या मिलसाठी पैसे मोजले आणि अडलो भांड्यांपाशी. मिल देणारा म्हणेल, माझी मिल पूर्ण क्षमतेने चालते. बॉयलर देणारा म्हणेल, माझा बॉयलर ठरल्याप्रमाणे वाफ देतो. दोघेही खरे बोलत असतील. प्रत्येकजण आपापल्या यंत्राची हमी देतो. सांध्याची हमी मात्र कुणी देत नाही. मॉडेल लागते ते या सांध्यांसाठी.

दुसरी गोष्ट गाडीतळाची. गाड्यांची रांग हा आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा विषय. गव्हाणीवर एक गाडी रिकामी व्हायला सरासरी दहा मिनिटे लागतात, म्हणजे तासाला सहा गाड्या उरकतात, असे समजा. शेतकी खात्याने तासाला सरासरी पाच गाड्या येतील असा तोडणीचा कार्यक्रम लावला, तर कागदावर सगळे आलबेल दिसते. पण गाड्या काही घड्याळ लावून येत नाहीत. कधी तासभर एकही नाही, कधी एकदम आठ. येण्याच्या वेळेला आणि रिकामी होण्याच्या वेळेला काही नेम नाही असे धरून गणित केले, तर असे निघते: गव्हाण ८० टक्के वेळ गुंतलेली असेल तर गाडीला रांगेत सरासरी ४० मिनिटे थांबावे लागते. ९० टक्के गुंतली तर ९० मिनिटे. आणि ९५ टक्के गुंतली तर तीन तास दहा मिनिटे! काम वाढले पाच टक्क्यांनी आणि खोळंबा झाला दुप्पट. त्यात मिल बंद पडण्याचे तास अजून धरलेलेच नाहीत. उन्हात वाळणाऱ्या उसाचे वजन घटते, उतारा घटतो आणि गाडीवाल्याची खेप बुडते. हे नुकसान नुसत्या सरासरीच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

हा खेळ आपल्याला घरीही करून पाहता येईल. मागच्या हंगामातल्या दोन गाड्यांमधल्या वेळा चिठ्ठ्यांवर लिहा आणि त्या एका घागरीत टाका. गाडी रिकामी व्हायला लागलेल्या वेळा दुसऱ्या घागरीत टाका. दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढत, परत टाकत, एक अख्खी पाळी मांडा आणि शेवटची गाडी कधी सुटली ते लिहून ठेवा. असे पन्नास वेळा केले की चांगली पाळी कशी, वाईट पाळी कशी आणि वाईट पाळी कितीदा येते, हे पोराटोरांनाही कळेल. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हे गणिती आजारातून उठत असताना पत्ते खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव टाकून मोजावे, असे त्यांच्या मनात आले. त्यातूनच ही रीत पुढे आली आणि अणुविज्ञानापासून टेलिफोनच्या जाळ्यापर्यंत सगळीकडे गेली. आपल्या घागरीचे काम आता संगणक करतो, आणि पन्नास पाळ्यांऐवजी पन्नास हजार पाळ्या थोड्या वेळात मांडून दाखवतो.

इथे कुणी म्हणेल, संगणकाने सांगितले म्हणजे ब्रह्मवाक्य का? मुळीच नाही. उलट मॉडेलवर डोळे झाकून विसंबू नये, असे सांगणारे मोठे उदाहरण आपल्याच उशाशी आहे. कोयनेचे धरण.

कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण बांधताना इंजिनिअरांनी हिशेब केला नव्हता असे नाही. तेव्हाच्या प्रथेप्रमाणे भूकंपासाठीही तरतूद होती. धरणाच्या वजनाच्या पाच टक्के इतका आडवा रेटा तळापासून माथ्यापर्यंत सारखा धरायचा, अशी ती पद्धत. त्या हिशेबात धरण सुरक्षित होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे १८० माणसे दगावली. धरण उभे राहिले, पण नदीचे पाणी सांडव्यावरून जाते त्या भागाच्या दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींना आडव्या भेगा गेल्या. त्या तळाशी गेल्या नाहीत. माथ्याकडे, धरणाच्या मागच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या पातळीच्या आसपास गेल्या.

असे का झाले? धरणातच बसवलेल्या यंत्राने त्या धक्क्याची नोंद करून ठेवली होती. ती नोंद घेऊन कॅलिफोर्निया विद्यापीठात अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी धरणाचे मॉडेल केले, आणि १९७३ साली ते प्रसिद्ध झाले. धरणाचा छेद लहान लहान तुकड्यांत विभागायचा, प्रत्येक तुकडा शेजारच्याला किती ओढतो-ढकलतो याचे समीकरण लिहायचे आणि धक्क्याच्या क्षणाक्षणाचा हिशेब संगणकाकडून करून घ्यायचा, अशी ही रीत. निकाल काय आला? काँक्रीट सोसू शकेल त्याच्या पलीकडचा ताण नेमका तिथेच दिसला, जिथे उतार बदलतो, म्हणजे जिथे प्रत्यक्ष भेगा गेल्या होत्या.

आपल्या भाषेत सांगायचे तर असे. उसाचे बेट बुडख्याला धरून हलवा. बुडखा इंचभर हलतो, शेंडा हातभर डोलतो. जुन्या हिशेबात बुडखा आणि शेंडा सारखेच हलतात असे धरले होते. आकडेमोड बरोबर होती, पण 'शेंडा किती डोलेल?' हा प्रश्नच त्या हिशेबाला विचारलेला नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणतेही मॉडेल देत नाही. पुढे धरणाच्या मागच्या अंगाला काँक्रीटचे आधार बांधून ते मजबूत केले गेले. आणि कोयनेचा तो छेद जगभरच्या इंजिनिअरांसाठी कसोटीचा दगड ठरला. धरणाचा भूकंपी हिशेब करणारी नवी संगणकीय रीत कुणी काढली, की आधी ती कोयनेवर लावून पाहतात. भेगा जिथे गेल्या तिथे दाखवल्या, तरच तिच्यावर भरवसा ठेवायचा. कसोटीची ही रीत ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

कोयनेच्या वेळी जुना हिशेब तोकडा पडला. संगणक आल्यावर सगळे निर्धोक झाले का? तसेही नाही. नॉर्वेची गोष्ट पाहा. समुद्रातून वायू काढण्यासाठी स्लायप्नर नावाच्या फलाटाचा काँक्रीटचा प्रचंड पाया तिथे बांधला होता. २३ ऑगस्ट १९९१ रोजी तो चाचणीसाठी खाडीच्या पाण्यात हळूहळू खाली उतरवत असताना एका कोठीची भिंत फुटली. आत शिरणारे पाणी पंपांना आवरेना, आणि अख्खा पाया बुडून समुद्राच्या तळाशी चक्काचूर झाला. मनुष्यहानी झाली नाही, पण नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे. त्याचाही हिशेब संगणकावर, तुकडे पाडूनच केला होता. पण कोठ्यांच्या सांध्यापाशी तुकडे फार मोठे आणि वेडेवाकडे पाडले गेले, त्यामुळे तिथला कातरणारा ताण ४७ टक्के कमी दिसला. त्यावर विसंबून भिंत आणि सळई कमी पडली. अपघातानंतर हिशेब बारकाईने पुन्हा केला, तेव्हा तो म्हणाला, भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल. प्रत्यक्षात फुटली होती ६५ मीटरवर. म्हणजे रीत खोटी नव्हती, ती राबवण्यात हलगर्जी झाली आणि ती चूक वेळीच कुणाच्या लक्षात आली नाही. योगायोग पाहा, तिथेही घात झाला तो सांध्यापाशीच.

या दोन उदाहरणांवरून आपल्याला काय घ्यायचे आहे? मॉडेल करावे, हे पहिले. त्याला वाईटातला वाईट प्रसंग विचारावा, हे दुसरे. आणि त्याची परीक्षा घेतल्याशिवाय त्याच्यावर पैसा लावू नये, हे तिसरे.

वाईट प्रसंग म्हणजे काय, हे आपल्याला बाहेरून शिकायला नको. महाराष्ट्रात २०१८-१९ च्या हंगामात सुमारे १०७ लाख टन साखर झाली. पुढच्याच २०१९-२० साली, आधी दुष्काळ आणि मग महापूर यांच्या माराने, ती सुमारे ६२ लाख टनांवर आली. आणि २०२१-२२ साली ती सुमारे १३७ लाख टनांवर गेली, तेव्हा मे उलटला तरी फडात ऊस उभा होता. चार हंगामांत एवढी वरखाली! आता सांगा, आपली वाढीव क्षमता यातल्या कोणत्या वर्षासाठी आहे? २०२१-२२ पाहून ठरवली, तर २०१९-२० सारख्या साली निम्मी यंत्रे झोपतील, पण कर्जाचे हप्ते झोपणार नाहीत. आणि ते हप्ते शेवटी तुमच्या-आमच्या उसाच्या दरातूनच जाणार. २०१९-२० पाहून ठरवली, तर भरघोस वर्षी आपला ऊस उन्हात तुरा काढून उभा राहणार. यातला मधला मार्ग कुठे आहे, हे कुणा एकाच्या अंदाजावर सोडायचे, की सगळी वर्षे कागदावर चालवून पाहायची?

'आमचे जुने मिस्त्री मिलच्या आवाजावरून दुखणे सांगतात, त्यांना विचारा की!' असेही काहीजण म्हणतात. त्यांचे म्हणणे मी मानतो. तो अनुभव कोणत्याही संगणकापेक्षा मोलाचा आहे. पण तो आज उभ्या असलेल्या कारखान्याचा अनुभव आहे. जो कारखाना अजून उभाच नाही, त्याचा आवाज कोण ऐकणार? म्हणून मिस्त्री, पॅनमन, पाळीचे केमिस्ट, शेतकी खात्याचे चिटबॉय आणि टोळ्यांचे मुकादम या सगळ्यांना मॉडेल करणाऱ्यांच्या शेजारी बसवले पाहिजे. खरी माहिती त्यांच्याकडेच आहे.

आणि माहितीचा विषय निघालाच आहे, तर आपल्या सर्वांनाही एक सांगणे आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मिल बंद पडल्याचे कारण रजिस्टरमध्ये नुसते 'इतर' म्हणून लिहिले, तर मॉडेलही 'इतर'च शिकणार. आपण उसाची नोंद दोन एकराची द्यायची आणि घालायचा एक एकराचा, किंवा नोंद इथे आणि ऊस दुसरीकडे, असे झाले तर क्षमतेचा हिशेब चुकलाच म्हणून समजा. चूक मग संगणकाची नाही आणि संचालकांचीही नाही. कारखाना आपला म्हणायचा, तर त्याला दिलेला आकडाही खरा हवा.

म्हणून सर्वसाधारण सभेपुढे माझ्या चार सूचना आहेत.

पहिली, मॉडेल करणाऱ्यांना मागच्या चार हंगामांच्या नोंदी द्याव्यात आणि पाचव्या हंगामाचा निकाल झाकून ठेवावा. त्या हंगामाचे फक्त ऊस आणि गाड्या सांगून विचारावे, बोला, गाळप किती झाले, वाफ किती लागली, गाड्या किती थांबल्या? मॉडेलने प्रत्यक्षाच्या जवळपास सांगितले, तर ते पास. नाही तर दुरुस्त करून पुन्हा परीक्षेला बसवावे. बाप दाखव नाही तर श्राद्ध कर, असा रोखठोक व्यवहार. कोयनेची कसोटी म्हणतात ती हीच.

दुसरी, निकाल नुसत्या सरासरीत देऊ नये. दुष्काळाचे साल, अतिरिक्त उसाचे साल, ऐन हंगामातला अवकाळी पाऊस, टोळ्या कमी आल्याचे साल, बॉयलर चार दिवस बंद, असे प्रसंग वेगवेगळे चालवून प्रत्येकात टनामागे काय पडते ते दाखवावे.

तिसरी, जो यंत्रे विकणार त्याच्याच मॉडेलवर निर्णय घेऊ नये. तपासणी तिऱ्हाईताने करावी. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही १९७५ साली साखर धंद्यातल्याच माणसांनी उभी केलेली संस्था आहे. तिच्यासारख्या जाणत्या संस्थेकडून, अगर इंजिनिअरिंग कॉलेजातल्या तज्ज्ञ प्राध्यापकांकडून दुसरे मत घ्यावे. याला किती खर्च येतो त्याचे कोटेशन मागवावे आणि विस्तारवाढीच्या खर्चाशेजारी ठेवून पाहावे. मग महाग काय आणि स्वस्त काय ते आपोआप कळेल.

चौथी, या सगळ्याचा सारांश साध्या मराठीत छापून सभेच्या निदान पंधरा दिवस आधी प्रत्येक गट कार्यालयात लावावा. त्यात काय धरले आहे आणि काय धरलेले नाही, हे दोन्ही लिहावे. साखरेचा भाव, इथेनॉलचे सरकारी धोरण आणि पावसाचे मन हे कोणतेही मॉडेल छातीठोकपणे सांगू शकत नाही. तसे सांगणारा कुणी भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

काहींना वाटेल, यात वर्षभर जाईल, तोवर शेजारचे कारखाने पुढे निघून जातील. जाऊ द्या की. कागदावरची भिंत चुकली तर खोडरबराने पुसता येते. सिमेंटची चुकली तर फोडावी लागते, आणि कर्जावरची चुकली तर आपल्या मुलांना फेडावी लागते. विस्तारवाढीला माझा विरोध नाही. ऊस आपला आहे, त्याचे गाळप वेळेत व्हावे, त्यातून साखरेबरोबर वीज आणि इथेनॉलही निघावे, हे मलाही हवे आहे. फक्त उसाच्या बिलातून ठेव कापून देणाऱ्या सभासदाला, पैसा नेमक्या कोणत्या हिशेबावर लागतो आहे, हे पाहण्याचा हक्क आहे. सभेला जाताना हा अंक बरोबर घेऊन जा आणि 'मॉडेल मागच्या हंगामावर तपासले का?' एवढा एक प्रश्न तरी उभे राहून विचारा.